घडीवर कापलेला शर्ट

कात्रीबाईंना हे नाव हातातल्या कात्रीवरून पडले की तोंडातल्या, यावर गल्लीत दोन मते होती. वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकामाचा, दुकान पहिल्या मजल्यावर आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही हा स्वभाव. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसे होती. एक माप नीट घेणारी आणि दुसरी बाकीची सगळी. पहिल्या प्रकारात त्या एकट्याच मोडत.

संगणकाकडे त्या वळल्या त्याही रागानेच. बारा वर्षे त्या एका कंपनीच्या प्रोग्रामवर कपड्यांचे आराखडे काढत होत्या. एका सकाळी कंपनीने तो प्रोग्राम बंद केला आणि बाईंचे शेकडो आराखडे असे कुलूपबंद झाले, की खुद्द त्यांनाही उघडेनात. दुसरी एखादी रडत बसली असती. बाईंनी आधी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग पन्नाशीला आलेल्या वयात त्या प्रोग्रामिंग शिकायला बसल्या. कोणालाही आतून उघडून बघता येतील, बदलता येतील अशी मुक्त साधने त्यांनी गोळा केली, आणि दोन वर्षांत स्वतःचा प्रोग्राम उभा केला. अकरा मापे भरायची, की शर्टाचा आराखडा कागदावर तयार. तो त्यांनी जगाला फुकट देऊन टाकला. “माझ्यासारखं कुणाचं काम कुलपात अडकू नये,” असे त्या म्हणत. न चिडता म्हणायचे त्यांचे हे एकमेव वाक्य.

जगाने प्रोग्राम घेतला आणि लगेच तक्रारी सुरू केल्या. रोज सकाळी बाई मशीनवर बसत आणि त्यांचे यजमान संगणकापाशी चहाचा कप घेऊन तक्रारी मोठ्याने वाचत. यजमानांनी तीस वर्षे खांद्याला पिशवी अडकवून घरोघरी विजेचे मीटर वाचले होते, त्यामुळे लोकांचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. गल्ली त्यांना मीटरवाले म्हणे. बाई उत्तर सांगत, मीटरवाले ते टाइप करत आणि टाइप करताना निम्मे गाळत.

“कॉलर लहान येते म्हणतोय.”

“मान मोजली की मनगट? विचारा त्याला.”

“आराखड्याला रंग निवडायची सोय हवी म्हणतेय.”

“कशाला? भिंतीवर टांगणार आहे का?”

संध्याकाळपर्यंत प्रत्येक तक्रार बंद झालीच पाहिजे, असा बाईंचा नियम होता. ‘उघड्या तक्रारी: शून्य’ हा आकडा त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

एका सोमवारी एका बापाची तक्रार आली. मुलगी चौदा वर्षांची, पाठीचा कणा वाकलेला. तयार शर्ट तिला बसत नाहीत, म्हणून बाप घरीच शिवत होता. बारा दिवसांनी, शनिवारी, ती शाळेच्या वाद्यवृंदात पहिल्यांदा व्हायोलिन वाजवणार होती आणि पांढरा शर्ट सक्तीचा होता. पण या आराखड्यावरचा शर्ट उजव्या खांद्याशी चुण्या धरत होता आणि कॉलर एका बाजूला ओढली जात होती. असला शर्ट घालून मी स्टेजवर जाणार नाही, असे मुलीने सांगून टाकले होते.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” बाई म्हणाल्या. “माप पुन्हा घ्या म्हणावं.”

त्याने पुन्हा घेतले. मग तिसऱ्यांदा घेतले, फोटोही पाठवले. बाईंनी फोटो पाहिले नाहीत. शुक्रवारी त्या म्हणाल्या, “पालथ्या घड्यावर पाणी. बंद करा ती तक्रार.”

“अगं, तो काही खोटं बोलत नसेल.”

“खोटं नाही हो, चुकीचं बोलतोय. सहा वर्षं याच आराखड्याचे शर्ट घालताय तुम्ही. एक तरी चुणी पडली का?”

मीटरवाल्यांनी तक्रार बंद केली आणि ते चहा तसाच ठेवून उठले.

रविवारी संगणकाच्या हौशी मंडळींनी बाईंना भाषणाला बोलावले होते. ही मंडळी बाईंना मनापासून हास्यास्पद वाटत. दर महिन्याला नवी साधने उतरवून घ्यायची, पडद्याची सजावट बदलायची आणि कोणते साधन थोर यावर दुपारभर भांडायचे. पण त्या साधनांनी कोणी साधा रुमालही बनवला नव्हता. “तुमच्या प्रोग्राममध्ये चुका किती?” एकाने विचारले. “एकही नाही,” बाई म्हणाल्या. “चुका वापरणाऱ्यात असतात.” टाळ्या पडल्या. बाई खुशीत घरी आल्या.

घरात मीटरवाले आरशासमोर उभे होते. अंगात जुन्या चादरीचा फुलाफुलांचा शर्ट होता. उजव्या खांद्याशी चुण्या आणि कॉलर एका बाजूला ओढलेली.

“हे काय ध्यान!” बाई हसतच सुटल्या. “कुठल्या गाढवानं कापलं?”

“या गाढवानं. माझी मापं तुझ्या प्रोग्रामात घातली, कागद काढला, कापड घडीवर ठेवून कापलं. एक रेघ इकडची तिकडे केली नाही.”

“कसं करणार? तुमचा हा खांदा…” म्हणत बाईंनी सवयीने खडू उचलला आणि उजव्या खांद्यावर अर्धे बोट खाली रेघ मारायला हात नेला. हात तिथेच थांबला.

पिशवीच्या ओझ्याने मीटरवाल्यांचा उजवा खांदा केव्हाच उतरला होता. प्रत्येक शर्ट कापताना बाईंचा हात आपोआप ती रेघ खाली घेई. शिंपी कापड दुमडून घडीवर कापतो, म्हणून त्यांनी प्रोग्रामलाही अर्धेच अंग शिकवले होते. उरलेले अर्धे तो आरशासारखे उलटवून काढी. दोन खांदे सारखे नसले तर काय करायचे, हे बाईंच्या हाताला ठाऊक होते. प्रोग्रामला त्यांनी ते कधी सांगितलेच नव्हते.

“बाई नाहीस, गाढवीण आहेस तू,” त्या स्वतःला म्हणाल्या. मग मुलीचे फोटो उघडले. मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता उभी होती. बाईंना इतकी लाज वाटली, की त्यांनी पडद्यावरून नजर काढून घेतली.

चार दिवस दुकान बंद राहिले. बाईंनी प्रोग्राममधला तो आरसा काढून टाकला, दोन्ही बाजू वेगळ्या केल्या, अकराची तेरा मापे झाली. गुरुवारी त्यांनी ती तक्रार पुन्हा उघडली आणि उत्तर स्वतःच्या हाताने टाइप केले. ‘तुमचं माप बरोबर होतं. चूक माझी.’

रविवारी बापाचे उत्तर आले. मीटरवाल्यांनी वाचले. “शर्ट अगदी छान बसला. पण तिनं बुधवारीच शाळेत नाव काढून घेतलं होतं, तिच्या जागी दुसरी मुलगी वाजवायला बसली. काल संध्याकाळी तिनं तो शर्ट घालून घरीच वाजवलं. तुमचे फार आभार.”

मशीन थांबले होते. आभारांचे काय करायचे, हे बाईंना कळेना.

“बंद करू ना आता ही?” मीटरवाल्यांनी हळूच विचारले.

“नको.”

तक्रार अजून तशीच आहे. परवा हौशी मंडळींतला एक शहाणा दुकानात येऊन पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “बाई, ही तर केव्हाच दुरुस्त झालीय. बंद करायची विसरलात वाटतं.”

“तुला काय करायचंय?” बाई खेकसल्या. “माझी आहे ती.”