दुप्पट पाऊस

आमच्या केंद्राच्या अंगणात तीन जीपा उभ्या होत्या आणि माझं पावसाचं रजिस्टर विधानसभेच्या समितीच्या हातात होतं.

“पाऊस तर बक्कळ दिसून राहिला,” समितीतल्या आमदार ताई म्हणाल्या. त्या मराठी बोलणाऱ्या, बाकीचे हिंदी. “मंग मोहगावच्या विहिरी कोरड्या काऊन?”

उत्तर माझ्या पिशवीत होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या एका लहानशा केंद्रावर पाऊस मोजायचं काम माझं. मंत्री सभागृहात जे कबूल करतात ते पुढे झालं की नाही, हे तपासायला आमदारांची आश्वासन समिती असते. मंत्र्यांनी कबूल केलं होतं, जिथे पाऊस कमी, ती गावं दुष्काळाच्या योजनेत घेऊ. तलाव बांधू, विहिरी खोल करू. नंतर सभागृहात उत्तर आलं, या पट्ट्यात पाऊस पुरेसा आहे. आधार काय? माझं रजिस्टर.

समिती येणार म्हणून आदल्या दिवशी मी पांढुर्ण्याचे आकडे आणून शेजारी ठेवले. आषाढापासून आमचा पाऊस त्यांच्या जवळजवळ दुप्पट. एखाद्या दिवशी ठीक आहे. पण दर वेळी? पाऊस इतका शिस्तीचा नसतो.

पाऊस मोजायच्या भांड्यावर नरसाळं असतं. साठलेलं पाणी रोज सकाळी रेघांच्या काचेच्या मापात ओतायचं आणि मिलिमीटर वाचायचे. नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाप्रमाणे माप वेगळं. दोन्हींवर आकडा कोरलेला असतो, तो जुळला पाहिजे. आमच्या भांड्यावर होता २००. मी माप उलटं केलं. बुडाशी १००.

जुनं माप आषाढात फुटलं होतं. नवं स्टोअरमधून मीच आणलं होतं. सही माझी.

माझे वडील संत्र्याच्या बागेत राबायचे. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बीएस्सी, फर्स्ट क्लास, आणि हे मी गावभर सांगितलेलं. चूक त्याच माणसाची निघाली.

मी आमच्या केंद्राच्या साहेबांकडे धावलो.

“गप बस ना बे,” साहेब म्हणाले. “समिती चाय-पोहे खाईन अन् जामसावळीले दर्शनाले जाईन. तू तोंड उघडलं तर तुही नोकरी गेली समज.”

“अन् नाही उघडलं तर?”

“तर काही नाही.”

“तेच तं, साहेब. गावाले काहीच नाही.”

सकाळी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला गेलो. तिथलं २०० आकड्याचं माप टॉवेलात गुंडाळून आणलं.

आता तेच पिशवीतून काढलं. साहेबांनी डोळे वटारले. मी बघितलंच नाही. पांढुर्ण्याच्या मापात दहाच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. सगळे वाकून पाहू लागले. तेच पाणी आमच्या मापात ओतलं. पाणी चढत गेलं आणि बरोबर वीसवर थांबलं.

“फिर से करो,” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा वीस.

ताई मोठ्यानं हसल्या. “अगं माय! म्हणजे मंत्र्यानं सभागृहात दुप्पट पाऊस पाडला!”

अध्यक्ष हसले नाहीत. “ये नाप लाया कौन?”

“मी, साहेब. स्टोअरच्या पावतीवर सही माझीच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि स्वतःच्या हातानं दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. चहा तसाच थंड झाला. जीपा जामसावळीकडे नाही, मोहगावच्या विहिरींकडे वळल्या.

समितीनं अहवालात लिहिलं, आकडे दुरुस्त करा आणि गावं योजनेत घ्या. पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच पट्ट्यात, लोधीखेड्याच्या बाजूला तलावाचं काम लागलं. सायकल काढून मी ते बघून आलो.

मला नोटीस आली. चूक का झाली? मी एकच ओळ लिहिली: मापावरचा आकडा वाचला नाही. नोकरी राहिली. शिक्षा म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांची मापं तपासायला मलाच पाठवलं.

तेव्हापासून कोणी काही मोजून दाखवलं, की मी आधी मापाचं बूड पाहतो. दूधवाला माझ्यावर अजून नाराज आहे.