दिवस बुडायच्या आत

कॉलेजात मैत्रिणी मला कोंबडी म्हणतात. दिवस कलला की कोंबडी खुराड्याकडे पळते, तशी मी घराकडे पळते म्हणून. पाच वाजले की माझे पाय बाकाखाली चुळबुळ करू लागतात. मग संमेलनाची तालीम असो की कुणाच्या घरचा चहा, मी पिशवी उचलते आणि निघते. यंदा माझं शेवटचं वर्ष आहे, तरी ही खोड गेलेली नाही. आता ती जावी असंही वाटत नाही.

तशा खोडी माझ्या अंगात पुष्कळ आहेत, पण बाकीच्या मी घरूनच घेऊन आले. मंगरूळपीरच्या बाहेर आमचा भाजीचा मळा आहे. आमच्याकडे वांगी तोडली की त्यांचे तीन ढीग लावायचे: मोठी, बारीक आणि किडकी. मी चालायला लागले तेव्हापासून हेच करत आले, त्यामुळे समोर काहीही विस्कटलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. मैत्रिणीच्या पेन्सिलीसुद्धा मी लांबीप्रमाणे लावून ठेवते आणि वर तिच्याच शिव्या खाते. भेंडीचं टोक मोडून पाहणारं गिऱ्हाईक दिसलं तर अजून माझं डोकं फिरतं. वाशीमच्या बाजारात एका अनोळखी बाईशी मी त्यावरून कडाकडा भांडले होते. भाजी माझी नव्हती आणि जिची होती ती गप्प होती, तरी भांडले.

मॅट्रिक झाल्यावर मला वाशीमच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं. बाबांना ते फारसं पटलं नव्हतं. पण शेलूबाजारच्या आठवडी बाजारात बाबांच्या भाजीशेजारी वाशीमचे एक जैन काका कापडाचं दुकान मांडायचे. दोघांची वर्षानुवर्षांची बैठक. काका म्हणाले, "आमच्या पोरी सासरी गेल्या. घर रिकामं पडलं हाय. तुमची पोरगी आमच्याकडं राहू द्या." घर सोवळंओवळं पाळणारं, माणसं ओळखीची, म्हणून बाबा तयार झाले. काकांच्या हातात हात देऊन त्यांनी शब्द दिला की पोरगी घरात कांदा-लसूण आणणार नाही आणि दिवस बुडायच्या आत जेवेल.

काकूंनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. "दिवस बुडला का आमी खात नाई अन् कोनाले वाढत बी नाई. पाणी बी नाई. तेवढं सांभाळ, बाकी हे घर तुयंच हाय."

पावसाळाभर काही अडलं नाही. हिवाळा लागला तशी पंचाईत झाली. आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिकल असायचं आणि ते साडेपाचला सुटायचं. सूर्य त्यानंतर जेमतेम वीस मिनिटं टिकायचा. कॉलेज गावाबाहेर. झपाझप चाललं तर पोचता यायचं, पण मी झपाझप निघायचेच नाही. सगळ्या मुली परीक्षानळ्या कशाही टाकून पळायच्या आणि मी त्या धुऊन लावत बसायचे. मोठ्या एकीकडे, बारीक एकीकडे, तडा गेलेल्या तिसरीकडे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. वांग्यांची सवय, दुसरं काय!

घरी पोचावं तर दिवस बुडालेला, चूल सारवलेली आणि काकू ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेल्या. "काहून उशीर झाला वं?" एवढंच विचारायच्या. मी "प्रॅक्टिकल होतं" म्हणून तरातरा माझ्या खोलीत जायचे. पोटात आग पडलेली असायची आणि डोक्यातही. एक भाकर झाकून ठेवायला काय होतं यांना? धर्म पोटापेक्षा मोठा झाला का? असं मनातल्या मनात पुष्कळ बोलून घ्यायचे.

मग दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा माझा मीच बंदोबस्त केला. मळ्यातले सातआठ कांदे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पेटीच्या तळाशी दडवले. वर फुटाण्यांची पुडी. उशीर झाला की दार लावायचं, कांदा एका बुक्कीत फोडायचा आणि फुटाण्यांबरोबर कचाकचा खायचा. सालं वहीत दाबून कॉलेजात नेऊन टाकायची. बाबांचा शब्द मोडतोय हे कळत होतं, पण त्या वेळी कांदा फार गोड लागायचा. खरं सांगायचं तर चोरून खाण्यातच मला काकूंवर सूड घेतल्याचं समाधान मिळत होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला एका मैत्रिणीची खोली आवडली होती. तिच्याकडे राहायला जावं म्हणून मी बाबांना पत्र टाकलं. त्यात रंगवून लिहिलं की मला इथे उपाशी झोपावं लागतं. कांद्याचं अर्थातच लिहिलं नाही.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी, बाबा दारात उभे. खांद्यावर रिकामी पिशवी, चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "पेटी बांध. उपाशी राहून शिकाची काई गरज नाई. घरी चल, मळा हाय आपला."

 मी खोली बदलायला निघाले होते आणि बाबा माझं कॉलेजच बंद करत होते. 

काका गोंधळले. "काय झालं? काहून नेता पोरीले?"

बाबांना बोलायची लाज वाटत होती. शेवटी खाली पाहत म्हणाले, "पोरगी म्हनते, उपाशी झोपा लागते."

काका हसलेच. "मंग एकली तुमचीच पोरगी थोडी झोपते! आमची घरवाली बी झोपते तिच्यासंगं. मी दुकानातून येऊन जेवून घेतो, पन ही काई बसत नाई. घरची पोर बाहेर असताना बाईमानसानं आंधी जेवाचं नाई म्हनते. पोरगी दिवस बुडाल्यावर आली का हिचा बी उपास. पाणी बी सकाळीच."

मी दाराची चौकट धरून उभी होते. तीन दिवस आठवड्याला, हिवाळा लागल्यापासून. मी दार लावून फुटाणे चावत होते तेव्हा ती बाई भिंतीपलीकडे कोरड्या घशाने बसलेली होती. आणि कशापायी, तर माझ्या परीक्षानळ्या ओळीत लागाव्यात म्हणून. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

बाबा मात्र पेटी बांधायला खोलीत शिरले होते. मी धावले, तोवर त्यांनी नीट रचायला कपडे बाहेर काढले होते. तळाशी लुगड्याचं गाठोडं. ते सुटलं आणि उरलेले दोन कांदे गडगडत उंबऱ्यापर्यंत गेले. बाबांनी आपल्या मळ्यातला कांदा लगेच ओळखला. माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

उंबऱ्याशी काकू उभ्या होत्या. बाबा हात जोडून म्हणाले, "वैनी, मी शब्द देला होता. पोरीनं माती केली त्याची. आता तं नेतोच हिले."

काकूंनी कांद्याला हात लावला नाही, पण मागेही सरल्या नाहीत. "राहू द्या ते पेटी," त्या म्हणाल्या. "वास तं मले पह्यल्याच दिवशी आला होता."

"मंग बोलल्या काहून नाई?" बाबांनी विचारलं.

"काय बोलू? घरात कांदा आला म्हून वाईट वाटलं. पन म्हटलं, चाला, पोरगी उपाशी तं नाई झोपली."

मी तिथेच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. काकू म्हणाल्या, "आता रडत नको बसू वं. दिवस हाय अजून, पानं घे."

कांदे बाबांच्या पिशवीत गेले आणि माझी पेटी जागच्या जागी राहिली. त्या संध्याकाळी सूर्य चांगला वर असताना आम्ही सगळे जेवलो. मी हट्टाने काकूंना आधी बसवलं आणि वाढलं. त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. बाबा मान खाली घालून जेवत होते, पण जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल सुटलं तेव्हा परीक्षानळ्या तशाच मोठ्याबारीक एकत्र पडलेल्या होत्या. हात फार शिवशिवले. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि सुटले.

तेव्हापासून पळतेच आहे. मैत्रिणी कोंबडी म्हणतात, म्हणोत. गल्लीच्या तोंडाशी आले की काकू गच्चीवर उभ्या दिसतात, एक डोळा सूर्याकडे आणि एक माझ्याकडे. मला पाहिलं की त्या पानं घ्यायला खाली उतरतात.