घरच्या डॉक्टरणीची बदली

लटारू रामटेके म्हणजे मुलचेऱ्याजवळच्या एका गावातलं वडीलधारं माणूस. त्याची पुतणी संघप्रिया डॉक्टर झाली आणि नेमणूक मागून घेऊन गावच्याच सरकारी दवाखान्यात आली, तेव्हा विहारासमोर भाषण त्यानंच केलं होतं.

पण खोकला महिनाभर गेला नाही, तेव्हा तो मोठ्या डॉक्टरला दाखवायला गुपचूप चंद्रपूरच्या बसमध्ये जाऊन बसला. जिचं नाक पुसलं त्या पोरीपुढे सदरा कसा काढायचा, आणि तिला कळणार तरी किती, असं त्याला वाटायचं.

बस सुटता सुटता संघप्रियाच चढली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मोठेबा, कुठी चालले?"

"सोयऱ्याकडे," तो म्हणाला आणि लगेच त्याला खोकल्याची उबळ आली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खोटं तिला कळलं होतं.

"अन् तू वं?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"बदली मागाले. दवाखान्यात आपले लोकं येतच नाई. बाहेरचा डॉक्टर आला, तर येतील."

'नको जाऊ पोरी' असं त्याला म्हणायचं होतं, पण कोणत्या तोंडानं म्हणणार? चंद्रपूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

तिची बदली झाली. तिच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. "तुमची डॉक्टरीण काऊन गेली गा?" असं कोणी विचारलं, की लटारू हळूच सांगतो, "आपण तिच्याकडे गेलोच नाई. मी बी नाई."