पाचची गाडी आणि राहिलेलं स्टॅटिस्टिक्स

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी एकदा सांगायला लागले की मध्ये थांबत नाही. माणसांच्या मनाचा अभ्यास करायला निघालेल्या पोरीला स्वतःच्या बापाचं मन कळलं नाही. याहून मोठी फजिती असते का?

आमचं गाव बोरी, कॉलेज परभणीला. बीएस्सीला मानसशास्त्र घेतलं. पहिल्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, मला स्टँडवर सोडायला आले आणि म्हणाले, "पाचच्या गाडीनं येत जा."

बस्स! एवढंच. पण आमच्या घरी आप्पांचा शब्द म्हणजे देवाचा कौल. 'का?' विचारायची पद्धतच नाही.

आता बीएस्सीत दर सत्राला काही विषय आपले आपण निवडायचे असतात. मैत्रिणी आवड बघायच्या, मी गाडी बघायचे. स्टॅटिस्टिक्सचा तास सुटायचा पाच वाजून गेल्यावर. म्हटलं, पुढच्या सत्रात घेऊ. पुढच्या सत्रातही तो शेवटचाच! मग सकाळी काय मिळतंय? अळंबी लागवड. घेतली. त्यानंतर? अळंबी लागवड, भाग दुसरा! मानसशास्त्र राहिलं बाजूला आणि मी पिशव्यांत भुसकट भरत बसले.

आप्पा हे सगळं गुपचूप बघत होते. एक दिवस घरी येते तर गोठ्याशेजारची खोली रिकामी, भिंतींना ताजा चुना, कोपऱ्यात सोयाबीनचं भुसकट रचलेलं.

"आप्पा, हे काय?"

"तुझ्या अळंबीला. तुला लय आवड हाय न्हवं?"

बापानं स्वतःच्या हातानं चुना मारल्यावर नाही कोण म्हणणार? मी "हाय की" म्हणून मोकळी झाले. मग काय, आप्पा गावभर सांगत सुटले, "लेक अळंबीचा कारखाना काढायलीय!" जिंतूरहून आत्याचा फोन आला, "आगं, पहिला माल आमाला दे बरं का!"

आणि शेवटच्या वर्षी स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या मॅडमनी बोलावलं.

"स्टॅटिस्टिक्स कुठंय तुझं?"

"राहिलंय, मॅडम."

"मग प्रोजेक्ट कसा करणार? प्रोजेक्ट नाही तर पदवी नाही. याच सत्रात घे, नाहीतर वर्ष गेलं समज."

वर्ष गेलं की आप्पा कॉलेज बंद करणार, स्थळं बघणार, हे सगळं मी गाडीत बसूनच ठरवून टाकलं आणि बोरीपर्यंत रडले. जेवताना कसाबसा विषय काढला.

"आप्पा, रोज पाचची गाडी चुकली तर चालंल का?"

आप्पांचा घास हातातच राहिला. "चुकू दे की. तिचं काय?"

"तुमीच म्हणला होता ना, पाचच्या गाडीनं ये म्हणून!"

"आगं, तवा त्या गाडीवर तुझा दिलीपमामा कंडक्टर होता. तू नवी, जागा धरून देईल म्हणून म्हणलो. त्याची बदली होऊन जमाना झाला. तुला ठाऊक न्हाई?"

ठाऊक नसायला काय झालं? बदलीचे पेढे मीच खाल्ले होते! आणि त्यानंतर रोज त्याच गाडीत उभी राहून घरी येत होते.

"मग ती अळंबी?" आप्पांनी विचारलं.

"ती सकाळी असायची म्हणून घेतली. मला न्हाई आवडत."

"आन मी चुना कशाला मारला? मला तर तिचा वासबी सहन व्हत न्हाई!"

आईला हसून हसून ठसका लागला. मला मात्र रडावं की हसावं कळेना.

दुसऱ्याच दिवशी स्टॅटिस्टिक्सला जाऊन बसले. सगळा वर्ग माझ्याहून लहान. मॅडम म्हणाल्या, "आपण जे गृहीत धरतो, ते तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही. कुणी उदाहरण देईल?"

मी हात वर केला. तिथंच चुकलं.

पदवी मिळाली म्हणा. पण मॅडमना ते उदाहरण इतकं आवडलं, की अजून दरवर्षी नव्या वर्गाला सांगतात. माझी जिंतूरची आतेबहीण आता त्याच वर्गात आहे. परवा मला विचारते, "ताई, ती बोरीची येडी पोरगी कोण गं? तुझ्या वळखीची हाय का?"

मी म्हटलं, "न्हाई बाई. आमचं गाव लय मोठं हाय."