श्यामलालची भरती

गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या त्या खेड्यात मॅट्रिक पास झालेला पहिला पोरगा म्हणजे उदारामचा श्यामलाल. साल त्रेचाळीस. मार्क बेताचेच होते, पण गावाला मार्क कळत नव्हते, पास कळत होतं. त्यामुळे नागपूरच्या नामांकित कॉलेजात त्याला जागा मिळणार, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती एकट्या श्यामलालला.

तिचाही निकाल लागून गेला होता. कॉलेजच्या व्हरांड्यात कारकुनानं घेतलेल्या पोरांची नावं पुकारली, तेव्हा श्यामलाल जीव कानात आणून उभा होता. व्हरांडा रिकामा झाला, तरी त्याचं नाव काही आलं नाही. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "मागाहून सांगतील म्हणे."

आता आमच्या गोंदियाकडं हिंदीची अशी सोबत की माणूस दवाखान्यातही 'भरती' होतो आणि कॉलेजातही. उदाराम गावच्या जमीनदाराकडं, मालगुजाराकडं गेला नि हात जोडून म्हणाला, "पोट्टा नागपूरले भरती होऊन राहिला, मालक. साहेबाच्या कानावर तुमचा एक शब्द टाका."

दिवस लढाईचे. फौजेसाठी गावातून जवान का येत नाहीत, म्हणून तहसीलदार मालगुजाराला दर खेपेला झापत होता. त्यामुळे कुळासाठी कधी बूडही न हलवणारा तो माणूस ताडकन उभा राहिला. "उदाराम, तू गावाची लाज राखली," असं म्हणून त्यानं त्याची पाठ थोपटली. विद्येची एवढी कदर पाहून उदारामचे डोळे भरून आले.

आठवड्याभरात दारात सरकारी मोटार उभी राहिली. आतून खाकीतला सुभेदार उतरला. "पाह्य सावित्री," उदाराम बायकोला म्हणाला, "कॉलेजवाले घरून न्यायले आले." तिनं लेकाला ओवाळलं आणि लाडवांची पुरचुंडी हातात दिली.

श्यामलालनं खाकी पाहिली आणि त्याला सारं समजलं. 'मला यायचं नाही' एवढं म्हटलं असतं, तर सुभेदार आल्या पावली परत गेला असता. पण मग 'कॉलेजनं मला घेतलं नाही' हेही ओसरीवर जमलेल्या गावासमोर सांगावं लागलं असतं. अठराव्या वर्षी माणसाला गोळीपेक्षा गावाची भीती जास्त. तो मोटारीत बसला, शेजारी उदारामही बसला.

गोंदियात त्याची छाती मोजली, दात पाहिले, डोळे तपासले. बीजगणित कुणी विचारलं नाही. इतक्या झटपट आणि इतक्या आनंदानं त्याला आयुष्यात कुणी निवडलं नव्हतं.

"झाला का?" बाहेर ताटकळलेल्या उदारामनं विचारलं.

"झालो, बाबा. भरती झालो." आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दिवाळीला तो खाकीतच घरी आला. उदारामनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काऊन, तिकडं हाच पोशाख राहते का?" त्यानं विचारलं. श्यामलालनं मान खाली घातली. बापानं पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढं ब्रह्मदेशात शेजारी तोफगोळा फुटला. श्यामलालचा एक कान कायमचा गेला, दुसरा कामापुरता उरला. सेहेचाळीस साली तो परत आला, तेव्हा त्याच कॉलेजात लढाईवरून आलेल्यांसाठी काही जागा राखून ठेवल्या होत्या. तोच व्हरांडा, तोच कारकून. मार्क न विचारता त्यानं श्यामलालला आत घेतलं. इकडं उदाराम गावभर सांगत सुटला, "मी त म्हनलोच होतो, पोट्टा भरती होते म्हनून."

पहिल्या दिवशी प्रोफेसर हजेरी घेऊ लागले. श्यामलाल पुढच्याच बाकावर ताठ बसला होता, नजर फळ्यावर. नाव एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. शेवटी शेजारच्या कोवळ्या पोरानं त्याला कोपरानं ढोसलं.

"अहो, तुमचंच नाव घेऊन राहिले ते."