ओळंब्याच्या हाताखाली

भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. ऑफिसातल्या थोरल्या आर्किटेक्टला शिकाऊ पोरांनी तेच नाव ठेवलं होतं. स्वतः ताठ, बाकी सगळं जग वाकडं. हे नाव कानावर आलं तेव्हा गडी मनातून खूशच झाला.

दरवर्षी कॉलेजातून दोन-तीन पोरं कामाचा अनुभव घ्यायला यायची आणि त्याच्या गळ्यात पडायची. त्याला त्यांची शिसारी यायची. कॉम्प्युटरवर इमारतीभोवती झाडं लावतील, आकाशात पाखरं सोडतील, आणि संडासाचं दार उघडायला जागा ठेवणार नाहीत. तो त्यांना 'चित्रकार' म्हणायचा, शिवी दिल्यासारखं. ऑफिसच्या मालकाचीही त्याच्या लेखी किंमत तेवढीच: इस्त्रीचा शर्ट घातलेला विक्रेता.

यंदाच्या पोरांत एक बुटकी, अबोल मुलगी होती. तिला त्याने एका दवाखान्याचा जिना काढायला दिला. तिने खपून नकाशा आणला. बघताक्षणी त्याला चूक दिसली. वरचं बीम इतकं खाली आलं होतं, की चढणाऱ्याचं कपाळ त्यावर आपटणार.

"तुझी उंची किती गं?"

तिने सांगितली.

"मग तू वाचशील," असं म्हणून तो हसला आणि नकाशा साइटवर धाडून दिला.

फळ्या ठोकून झाल्या की काँक्रीट पडायच्या आत पोरांना तिथे न्यायचं, हिला बीमखाली उभं करायचं आणि मिस्त्र्यांदेखत पाणउतारा करायचा, असा त्याचा बेत. सांगून अक्कल येत नाही, लाज वाटली की येते, हे त्याचं शिक्षणशास्त्र. पण कंत्राटदाराला घाई होती. त्याने कुणाला न विचारता काँक्रीट ओतून टाकलं. ओळंब्याला हे कळलं, आणि तो मूग गिळून बसला.

मग दवाखान्याचे उंचेपुरे डॉक्टर मालकाबरोबर जिना पाहायला आले आणि कपाळावर टेंगूळ घेऊन खाली उतरले.

मालकाने ओळंब्याला आणि त्या मुलीला केबिनमध्ये बोलावलं. "हे कुणाचं काम?"

"ट्रेनीचं," ओळंबा म्हणाला. "आजकालची पोरं..."

"चूक माझीच आहे, सर," मुलगी म्हणाली. "पण यांना ती दिसली होती. माझी उंची विचारून म्हणाले, तू वाचशील. मला वाटलं, नेहमीसारखं हिणवतायत. आत्ता कळलं."

मालकाने त्याच्याकडे पाहिलं. ओळंबा खिडकीबाहेर बघत राहिला.

बीम फोडलं, तेव्हा मुलगी नाकाला रुमाल बांधून सबंध दिवस धुळीत उभी होती. तो फिरकलाही नाही. शिकाऊ पोरं त्याच्याकडून काढून धाकट्या आर्किटेक्ट बाईंकडे दिली गेली.

"बरं झालं, ब्याद टळली," जेवताना तो बायकोला म्हणाला.

सगळी हकीकत ऐकून तिने विचारलं, "अहो, पण तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"सांगत बसायला मी काय मास्तर आहे?"

त्याचं जेवण व्हायचं होतं, तरी बायको आपलं ताट उचलून उठली. तिलाही यातलं काही कळत नाही, असं ठरवून त्याने पुढचा घास घेतला.