पीठ खलास, गोष्ट खलास

अरविंद केळुसकर गेल्याची बातमी मला ‘खलास’ या एका शब्दात कळली, आणि मी ती चुकीची समजलो. मी तेव्हा उम्म अल कुवैनच्या आमच्या कारखान्यात होतो. शारजाच्या औद्योगिक भागात अरविंद ज्या गॅरेजची खरेदी सांभाळायचा, तिथल्या फोरमनचा, गुल खानचा फोन आला. “साब, केळुसकर साब खलास.” आखातात वर्षं काढलेल्या माणसाला या शब्दाचे इतके अर्थ ठाऊक असतात, की खरा तेवढा सुचत नाही. काम आटोपलं की खलास, व्हिसा संपला की खलास, थर्मासमधला चहा संपला तरी खलास. अरविंदचं मालकाशी बिनसलंय हे मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं, “नौकरी छोड दी क्या?” गुल खान म्हणाला, “नहीं साब. अल्लाह के पास गया.” सकाळी सुट्या भागांची खोकी उतरवून घेताना तो जरा टेकतो म्हणून खुर्चीत बसला होता, तो उठलाच नाही. या गोष्टीला आता आठेक महिने होत आले.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही शारजात एकाच खोलीत राहायचो, तेव्हापासूनची ओळख. तो वेंगुर्ल्याकडचा, मी साताऱ्याचा. मी लोखंडाच्या वजनांचे हिशेब करणारा माणूस, आणि अरविंदला कुठलीही गोष्ट सरळ सांगणं म्हणून जमायचं नाही. कामावरून यायला उशीर झाला तर ‘ट्रॅफिक होता’ एवढं म्हणून भागलं असतं. पण नाही. वाटेत एक उंट भेटायचा, तो उंट याला मालवणीत पत्ता विचारायचा, आणि ज्याचा पत्ता विचारला तो माणूस आमच्याच इमारतीत निघायचा. आम्ही बाकीचे ताटं वाढून बसलेलो. मला या प्रकाराचा कंटाळा यायचा आणि मी तो लपवत नसे. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. “पाटणकर, तुझ्यात ना, मीठच नाही,” म्हणायचा आणि जेवायला बसायचा.

पुढे सुनीतावहिनी आल्या, त्यांना एका दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली, आणि मुग्धा झाली. वहिनींना शुक्रवारी सकाळची ड्युटी असायची. गॅरेजला मात्र शुक्रवारची सुट्टी. म्हणजे मुलगी बापाकडे आणि स्वयंपाकही बापाकडे. मीही बहुतेक शुक्रवारी जेवायला तिथेच. अरविंदला भाकरी चांगली यायची, तांदळाची. कढत पाण्यात पीठ मळायचं, परातीत थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. मुग्धाला ओट्याशेजारी स्टुलावर बसवलेलं असायचं, आणि ती पळून जाऊ नये म्हणून गोष्ट चालू. गोष्ट कायम एकच, वाफोबाची. वाफोबा हा घराची वाट चुकलेला एक वाफेचा माणूस. भाकरी टम्म फुगली की त्याला एक दार उघडतं. तो आत डोकावतो, नाक मुरडतो, “ह्यां न्हय” म्हणतो, म्हणजे हे आपलं घर नव्हे, आणि बाहेर येतो. फुगली नाही ती भाकरी म्हणजे कुलूप लागलेलं दार. प्रत्येक दाराआड वेगळं राज्य. एकात सगळे लोक उलटे चालणारे, एकात समुद्राला झाकण. परातीतला शेवटचा गोळा थापून झाला की अरविंद हात झटकायचा. “पीठ खलास, गोष्ट खलास.” मुग्धा ओरडायची, “बट बाबा, डिड ही गो होम?” त्यावर उत्तर ठरलेलं: “पुढच्या शुक्रवारी.”

या असल्या गोष्टींना मी भाकडकथा म्हणायचो, आणि त्याच्या तोंडावर म्हणायचो. त्यालाही तो शब्द आवडला. “चल मुग्धे, भाकडकथा ऐकायला,” असं तो हाक मारायला लागला. मुग्धा शारजात वाढलेली, घरात मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला भाकड म्हणजे काय ते कुठून कळणार? तिने ऐकलं भाकरीकथा. तिचा तर्कही बिनचूक होता. भाकरी करताना सांगतात ती भाकरीकथा. आमच्यापैकी कुणीही ते दुरुस्त केलं नाही.

मुग्धा बारावीनंतर पुण्याला गेली आणि अरविंदची पंचाईत झाली. दर शुक्रवारी फोन व्हायचा. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, पैसे पुरतात ना. तिकडून “येस बाबा, फाइन बाबा.” मग दोघंही गप्प, आणि मीटर चालू. फोन ठेवल्यावर तो मला म्हणायचा, “माझ्या पोरीशी बोलायला माझ्याकडे विषयच उरला नाही रे.” एरवी उंटाला बोलतं करणारा माणूस. मला त्याचं वाईट वाटायचं, पण यावर उपाय काय ते मला सुचत नव्हतं. उपाय मुग्धाकडूनच आला, तोही न ठरवता. बोलता बोलता ती म्हणाली की ती इंटरनेटवरच्या एका वाचनगटात आहे आणि त्यांनी वर्षभराचं एक चॅलेंज काढलंय. पुस्तकं सगळी अद्भुतातली, ज्याला ती मंडळी फँटसी म्हणतात. दर महिन्याला एक विषय. त्या विषयाचं पुस्तक आधी ठरवायचं, गटाला कळवायचं, मग वाचायचं. दुसऱ्या दिवशी अरविंदने गॅरेजच्या कॉम्प्युटरवरून त्या गटात आपलं नाव घातलं.

इंग्रजी तो बेअरिंगच्या कॅटलॉगपुरतं वाचायचा. पण ठरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गटाची पद्धत अशी, की प्रत्येक पुस्तकापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: प्लॅन्ड, रीडिंग, फिनिश्ड. अरविंदचं सगळं वर्ष जानेवारीतच प्लॅन्ड झालं. दर विषयाला दोन पुस्तकं. एक मुग्धा सांगेल ते इंग्रजी, आणि एक त्याच्या पेटीतलं किंवा गावाहून मागवलेलं मराठी. इंग्रजी तो डिक्शनरी घेऊन रखडत वाचायचा, मराठीची गोष्ट आपल्या मोडक्या इंग्रजीत मुग्धाला मेल करायचा, आणि मग दोघं हुज्जत घालायचे. बोलणारे प्राणी झाले, नकाशा असलेलं पुस्तक झालं, जमिनीखालचं जग झालं. ड्रॅगनवर गाडी अडली. आपल्याकडे ड्रॅगन कुठला? बरेच दिवस शोधून त्याने लहान मुलांच्या एका जुन्या पुस्तकातली सुसर निवडली आणि गटाला विचारलं, मोठी सुसर चालेल का. गट चालवणारी बाई कुठल्या तरी थंड देशातली. तिने विचारलं, ती आग ओकते का? अरविंदने कळवलं, नाही, पण सासूसारखी बोलते. बाईने परवानगी दिली. तो मेल त्याने छापून आणून मला वाचून दाखवला. मी म्हटलं, “लोक इथे कामं करतात, अरविंद.” तो म्हणाला, “मुग्धा हसून हसून मेली म्हणे. सायबर कॅफेवाल्याने दटावलं तिला.”

तेव्हापासून शुक्रवारचे फोन लांबले. त्यांच्यात आता विषय होता.

वर्षाचा शेवटचा विषय होता, लहानपणी ऐकलेल्या गोष्टीचं पुस्तक. अरविंदने आपल्यासाठी काहीतरी ठरवून ठेवलं होतं. मुग्धा मात्र आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते सांगेना. ऑगस्टमध्ये केव्हातरी तिचा फोन आला, वैतागलेला. पुण्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत ती एक पुस्तक शोधत हिंडत होती आणि ते मिळत नव्हतं. एका दुकानदाराने तिच्यापुढे पाककृतींचं पुस्तक ठेवलं, दुसऱ्याने मधुमेहींच्या आहाराचं. “बाबा, व्हॉट इज द ऑथर्स नेम? दे से देअर इज नो सच थिंग अ‍ॅज भाकरीकथा.” तिला इतकी वर्षं वाटत होतं, की बाबा कुठल्यातरी पुस्तकातली गोष्ट सांगतात. वाफोबा छापलेला असणार, आणि तो घरी पोचल्याचं शेवटच्या पानावर असणार. देवनागरी तिला धड वाचता येत नव्हतं, पण मैत्रिणीकडून वाचून घेणार होती.

हे मला सांगताना अरविंद आधी खूप हसला. मग चष्मा काढून पुसत बसला. आम्ही उम्म अल कुवैनला, समुद्रकाठी गाडी लावून बसलो होतो. “लक्षात आहे रे तिच्या,” म्हणाला. त्या दिवशी मला तो फार सुखी दिसला, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

त्याने तिला खरं सांगितलं, आणि तिनेच तोड काढली. डिसेंबरात ती सुट्टीला येणार होती. शुक्रवारी बाबांनी भाकऱ्या करायच्या आणि वाफोबाची गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायची, तिने ती इंग्रजीत टाइप करायची, शारजातल्याच रोल्ला भागातल्या झेरॉक्सवाल्याकडून बाइंडिंग करून घ्यायचं. झालं पुस्तक. थंड देशातल्या बाईची हरकत नव्हती. आता प्रश्न शेवटाचा. तो अरविंदने कधी केलाच नव्हता, पीठ संपलं की त्याची सुटका व्हायची. पुढचे कित्येक आठवडे त्याने गाडीत माझ्यावर वेगवेगळे शेवट करून पाहिले. एकात वाफोबाचं घर वेंगुर्ल्याला निघालं, एकात ढगात. एकही त्याच्या मनाला येईना. शेवटी मी कंटाळून म्हटलं, “पोचव त्याला एकदाचा घरी आणि मोकळा हो.” तो म्हणाला, “पोचला की संपलंच ना रे सगळं. मग शुक्रवारी आम्ही काय बोलायचं?” ऑक्टोबरात गुल खानचा फोन आला.

अंत्यविधी गावी झाले. वहिनी नोकरीसाठी परत आल्या आणि डिसेंबरात मुग्धाही आली, तिकीट आधीच काढलेलं होतं. शुक्रवारी मला जेवायला बोलावलं. वहिनींनी त्या दिवशी ड्युटी बदलून घेतली होती. मुग्धाने मला ओट्याशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “काका, डिड ही टेल यू द एंड?” मी म्हटलं, “बरेच सांगितले, पण त्याला एकही पसंत नव्हता.” तिने मान हलवली आणि पीठ मळायला घेतलं. वहिनी म्हणाल्या, “अगं, एवढं कशाला? तिघांना किती लागतं?” ती थांबली नाही. परात भरून पीठ मळलं.

तिच्या भाकऱ्या वाकड्यातिकड्या होत होत्या. पहिल्या काही फुगल्याच नाहीत. मग एक फुगली, पूर्ण, टम्म. मुग्धाने तिला बोटाने टोचलं, वाफ बाहेर आली, तिने आत डोकावल्यासारखं केलं आणि नाक मुरडून म्हणाली, “ह्यां न्हय.” जन्मभर आम्हाला इंग्रजीत उत्तरं देणारी मुलगी. हेल तंतोतंत अरविंदचा. सुनीतावहिनी पदर डोळ्यांना लावून बाल्कनीत गेल्या. मी ताटं घ्यायला उठलो.

शेवटी परातीत एक गोळा उरला. मुग्धाने तो उचलला, हातात थोडा फिरवला, पण थापला नाही. एका वाटीत ठेवून वर झाकण घातलं आणि फ्रीझरच्या कप्प्यात सारलं. तांदळाचं मळलेलं पीठ पुन्हा कामाला येत नाही, हे तिला माहीत नसावं. वहिनींना आणि मला माहीत होतं. बाल्कनीतून परत आलेल्या वहिनींनी फ्रीझरचं दार नीट लावून घेतलं.

चॅलेंजचं वर्ष कधीच संपलं. गटाच्या बाईने नियम जरा वाकवलेला दिसतो, कारण मुग्धाच्या शेवटच्या पुस्तकापुढे अजून ‘रीडिंग’ असंच लिहिलेलं आहे. परवा मी वहिनींकडे गेलो होतो, बर्फ हवा होता म्हणून फ्रीझर उघडला. वाटी होती. झाकण न काढता मी ती जरा बाजूला केली, बर्फाचा ट्रे काढला, आणि वाटी परत होती तिथे ठेवली.